चक्कर वेगळी, मळमळ वेगळी

या, असे जवळ या. मागे बसलात त्यांनीही पुढे सरका. गोष्टीला तिकीट नाही आणि पुढची जागा कुणी रुमाल टाकून धरलेली नाही. बत्तीस वर्षं लोकांना डोंगरावर चढवून उतरवणारा एक माणूस शेवटी एका गोळीच्या शोधात स्वतःच कसा गरगर फिरला, ते आज सांगतो. पोट धरून हसा. फक्त नुकतेच जेवून आला असाल तर जरा बेताने हसा, कारण गोष्टीत ओकारी आहे.

तर हे बसचे ड्रायव्हर. डेपोत त्यांना सगळे लोणीमास्तर म्हणत, कारण लोण्यातून सुरी फिरावी तशी यांची गाडी वळणातून फिरायची. तीस वळणांचा डोंगररस्ता, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि यांच्या गाडीत बायका स्वेटर विणत जायच्या. टाका सुटायचा नाही. एका प्रवाशाने म्हणे चढावर पत्त्यांचा बंगला रचला होता. मला ते पटत नाही, पण सांगणारा कंडक्टर होता, आणि कंडक्टर 'मागची गाडी रिकामी येतेय' याखेरीज दुसरं खोटं बोलत नाही.

अशा या लोणीमास्तरांना एक दुखणं होतं. त्यांना गाडी लागायची.

स्वतः चालवताना नाही. चाक स्वतःच्या हातात असलं की पोट कसं तळ्यासारखं शांत. पण तेच चाक दुसऱ्याच्या हाती गेलं, की पहिल्या वळणाला जांभई, दुसऱ्याला तोंडात पाणी, तिसऱ्याला कपाळावर घाम. चौथं वळण त्यांनी प्रवासी म्हणून आयुष्यात पाहिलेलंच नव्हतं. त्याआधीच ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलेले असत.

आता सांगा, पोहायला शिकवणाऱ्याने पाण्याला भितो म्हणून सांगावं का? मास्तरांनीही कुणाला सांगितलं नाही. स्वतःच्या लग्नाला वऱ्हाडाची बस नवरदेवानेच चालवत नेली. लोक म्हणाले, काय हौस आहे. कुणाच्या गाडीतून जायची वेळ आली की हे आधी हात पुढे करायचे, "द्या इकडे किल्ली." लोक म्हणाले, काय ऐट आहे. हौसेच्या आणि ऐटीच्या पदराखाली हे दुखणं बत्तीस वर्षं झाकलं गेलं, ते पार निवृत्तीचा हार गळ्यात पडेपर्यंत.

आणि मग लेक ड्रायव्हर झाली.

एकुलती एक. बापाच्या मागे उभी राहून गिअर कसा पडतो ते बघत वाढलेली. परीक्षा दिली, पास झाली, आणि नेमकी त्याच डोंगररस्त्यावर नेमणूक झाली. संध्याकाळी पत्र घेऊन घरी आली. मास्तर जेवत होते. ती समोर बसली.

"बाबा, सोमवारी माझी पहिली फेरी. तुम्ही बसायचं गाडीत."

मास्तरांचा घास तोंडातच राहिला. "मी कशाला? गर्दी होईल."

"तुमच्या एकट्याने? तिसऱ्या रांगेतली जागा ठेवलीय. डेपोतली तुमची जुनी चौकडीही येणारे. ते म्हणतात, मुलीच्या हातात डोंगररस्ता दिलाय, बघू या. मास्तरांच्या तोंडाकडे बघत बसणार, ते हलले नाहीत तर मुलगी पास. आणि बाबा, झोपायचं नाही. मी कशी चालवते ते बघायचं, आणि वर पोचल्यावर सगळ्यांसमोर सांगायचं."

"बघेन," मास्तर म्हणाले आणि पाणी प्यायले.

आलं का ध्यानात, पेच कसा पडला? न जावं तर लेकीचं मन मोडतं. जावं तर चौथ्या वळणाला ओकारी ठरलेली. आणि लोणीमास्तरांना ओकारी झाली तर चौकडी काय म्हणणार? मास्तरांना गाडी लागते, असं थोडंच म्हणणार? म्हणणार, मुलीने अशी चालवली की बापाच्यासुद्धा पोटात राहिलं नाही. बापाच्या ओकारीचा डाग लेकीच्या नोकरीवर पडणार.

अहो, देवाच्या गाडीत आपण सगळे प्रवासीच. पण हात मात्र प्रत्येकाचा चाकाकडे. पोटात ढवळतं ते त्यामुळेच, असं माझं मत आहे. असो. मास्तरांकडे आठ दिवस होते, आणि मत नको होतं, गोळी हवी होती.

ते औषधांच्या दुकानात गेले. दुकान चालवणाऱ्या बाई काटेकोर. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि गोळ्यांचं पाकीट हातात देण्याआधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेण्याची सवय.

"एका ओळखीच्या माणसाला गाडी लागते," मास्तर हळूच म्हणाले.

"वय?"

"माझ्याएवढंच."

"वजन?"

"तेही साधारण माझ्याएवढंच."

"मिशी?"

मास्तरांनी मिशीवर हात ठेवला.

"बरं," बाई म्हणाल्या, "तुमच्या ओळखीच्या माणसाला सांगा, ही पिवळी गोळी. निघायच्या तासभर आधी घ्यायची. गाडीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. मळमळ थांबते, पण तोंड कोरडं पडतं आणि झोप येते. घेतल्यावर गाडी चालवायची नाही."

"झोप किती?"

"ज्याची त्याची प्रकृती. कुणाला डुलकी लागते, कुणाचं उतरायचं गाव निघून जातं."

"झोप न आणणारी द्या."

"कमी झोपेची मिळेल, पण थोडी गुंगी यायचीच. एक कानामागे लावायची चिकटपट्टी असते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही. आदल्या रात्री लावायची, आणि तिने जवळचं धूसर दिसतं."

"मला तर जवळचंच बघायचंय," मास्तर म्हणाले. मग एकदम आठवल्यासारखं, "आमच्या घरात चक्करची पांढरी गोळी आहे. बायको दिवसातून तीनदा घेते आणि टक्क जागी असते. माझ्या बाबतीत तर फारच जागी असते. ती चालेल?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "चक्कर वेगळी, मळमळ वेगळी. तुमच्या बाईसाहेब खुर्चीत स्थिर बसल्या तरी त्यांना घर फिरताना दिसतं. ते कानाच्या आतल्या तोलाचं दुखणं, म्हणून डॉक्टरांनी ती गोळी लिहून दिली. तुमच्या ओळखीच्याचा कान ठणठणीत आहे. गाडीत त्याचा कान म्हणतो, आपण हलतोय. डोळा समोरची सीट बघून म्हणतो, कुठे हलतोय, बसलोय की. त्या दोघांच्या भांडणात पोट बिचारं मध्ये सापडतं. पायाच्या भेगांचं मलम टकलाला लावून केस येतात का?"

"नाही."

"मग दुसऱ्याची गोळी खायची नाही. ओळखीच्याला सांगा."

मास्तरांनी पिवळ्या गोळ्या घेतल्या आणि बाहेर पडले. पण झोप येते हा शब्द खड्यासारखा डोक्यात राहिला. लेक जीव ओतून गाडी चालवतेय आणि बाप तिसऱ्या रांगेत तोंड उघडं टाकून घोरतोय, हे चित्र ओकारीपेक्षा बरं नव्हतं. त्यांनी ठरवलं, दोन्ही गोळ्या आधी घेऊन बघायच्या. पण घेऊन बसायचं कशात? बसमध्ये बसावं तर चौकडी बघणार.

तेव्हा त्यांना मेहुण्याची खुर्ची आठवली.

बायकोचा धाकटा भाऊ न्हावी. त्याच्या दुकानात गोल फिरणारी खुर्ची होती, अशी तेलपाणी केलेली की एका बोटाने ढकलली तरी तीन फेरे घ्यायची. सुट्टीच्या दिवशी दार अर्धं ओढून मास्तरांनी मेहुण्याला गुपित सांगितलं. मेहुणा हातातला कंगवा पुसत राहिला.

"म्हणजे आठ वर्षांपूर्वी मी नवी गाडी घेऊन आलो होतो," तो शेवटी म्हणाला, "आणि तुम्ही म्हणालात, मला चालायची आवड आहे, आणि सहा मैल माझ्या गाडीमागून चालत आलात..."

"हो."

"भावजी, मी त्या दुःखात ती गाडी विकली."

"मला माहीत नव्हतं."

"कसं माहीत असणार, तुम्ही मागे होता," मेहुणा म्हणाला आणि मोठ्या मनाने खुर्ची पुसून पुढे केली.

पहिल्या दिवशी पांढरी गोळी. बायकोच्या पाकिटातून हळूच काढून आणलेली. तासाभराने मास्तर खुर्चीत बसले. मेहुणा मागे उभा राहिला. पण मास्तर कितीही झालं तरी ड्रायव्हर. खुर्ची हलली आणि त्यांच्या तोंडातून आपोआप निघालं, "डावीकडे घ्या. हळू. आता उजवीकडे, लांब वळण आहे. समोरून ट्रक येतोय, कडेला दाबा."

"ट्रक कुठाय?" मेहुण्याने विचारलं.

"दाबा म्हणतो ना."

मेहुण्याने दाबलं. असा अर्धा तास मास्तर सांगत गेले आणि मेहुणा फिरवत गेला. शेवटी मेहुण्यालाच घाम फुटला. मास्तर ताठ, डोळे स्वच्छ, पोट शांत. मेहुण्याने गिऱ्हाइकांच्या वहीत लिहिलं: पांढरी, मळमळ नाही, झोप नाही, उत्तम.

दुसऱ्या दिवशी पिवळी. मास्तर बसले, दोन वळणं सांगितली, तिसऱ्याला "डावी..." म्हणाले आणि मान मागे टाकून झोपी गेले.

आता इथे जे झालं त्यात मेहुण्याचा दोष धरू नका. पंचवीस वर्षं तो एकच काम करत आलेला. खुर्चीत माणूस, मान मागे, डोळे मिटलेले. त्याचा हात आपोआप वाटीकडे गेला. साबणाचा फेस झाला, ब्रश फिरला, वस्तरा फिरला. मन कुठेतरी त्या विकलेल्या गाडीपाशी होतं. भानावर आला तेव्हा मास्तरांची मिशी टॉवेलवर होती.

मास्तर जागे झाले, आरशात पाहिलं, आणि मागे वळून विचारलं, "हा कोण?"

"भावजी, उगवते ती," मेहुणा म्हणाला.

घरी बायकोने दार उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि भिंत धरली. "थांबा, मला गरगरायला लागलंय," ती म्हणाली. "अहो, मला तुमची मिशी दिसत नाहीये."

"ती नाहीच आहे."

"मग ठीक," असं म्हणून ती आत गेली, पण बराच वेळ तिने भिंत सोडली नाही.

मेहुण्याने वहीत लिहिलं: पिवळी, झोप, मिशी गेली. निकाल लागला. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी खात्रीसाठी पुन्हा पांढरी, पुन्हा खुर्ची, पुन्हा "उजवीकडे घ्या," पुन्हा उत्तम. औषधवाल्या बाईंना काय कळतंय, मास्तर मनात म्हणाले. दुकानात उभं राहून कुणाला वळणं कळली आहेत?

सोमवारी सकाळी त्यांनी पांढरी गोळी घेतली, धुतलेला शर्ट घातला आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. शेजारी खिडकीला बायको, मागे मेहुणा, सगळ्यात मागच्या लांब सीटवर डेपोची चौकडी, चौघेही मास्तरांच्या मानेवर डोळे रोखून. निघता निघता औषधवाल्या बाई चढल्या. त्यांची बहीण वरच्या गावात राहायची. त्यांनी मास्तरांचा बिनमिशीचा चेहरा पाहिला आणि काही न बोलता पुढच्या बाजूला बसल्या.

लेकीने आरशातून बापाकडे एकदा पाहिलं आणि गिअर टाकला.

पहिल्या वळणाला जांभई आली नाही. मास्तर खूश झाले. दुसऱ्याला आली. तिसऱ्याला तोंडात पाणी. मुलगी खरंच लोण्यासारखी चालवत होती, हे त्यांना बसल्या जागी कळत होतं, त्यामुळे चौथं वळण आलं आणि गेलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ते प्रवासी म्हणून पाहिलं. तिथे एक सुंदर झाड होतं. पण पाचव्याला घाम, सहाव्याला कान गार, आणि आठव्याला पोटातलं सगळं आवरून, बोचकं बांधून वर यायला निघालं. पांढरी गोळी आत कुठेतरी इमानाने कानाचा तोल सांभाळत होती. पोटाशी तिचा काही संबंध नव्हता.

नवव्याला मास्तरांनी उठून दोरी ओढली. घंटा वाजली. गाडी थांबली. मास्तर उतरले, मैलाच्या दगडाआड गेले, आणि पुढचं मी सांगत नाही, आवाज सगळ्या गाडीला आला.

ते परत चढले तेव्हा मागच्या सीटवर कुजबुज सुरू झाली होती. "मास्तरांना लागली म्हणजे बघा. बत्तीस वर्षांत कधी..." "मुलगी पोटात मारते हो वळण." "वरून उतरताना चालत यावं म्हणतो."

लेकीचे कान लाल झाले होते. तिने मान वळवली नाही. हात चाकावर तसेच घट्ट. एवढ्याशा आवाजात तिने विचारलं, "बाबा, आठव्याला ब्रेक उशिरा लागला ना? माझं चुकलं ना?"

मास्तरांना वाटलं, मैलाच्या दगडामागे सगळं बाहेर पडलं नव्हतं, आत अजून एक गोष्ट राहिली होती. ते बसले नाहीत. दांडी धरून उभे राहिले, पांढरेफटक, आणि मागे वळून म्हणाले, "ऐका. हिचं काही चुकलेलं नाही. मला गाडी लागते. हिची नाही, सगळ्यांची. चाक माझ्या हातात नसलं की मी चौथं वळण बघत नाही. आज नऊ पाहिली. बत्तीस वर्षं तुमच्यापासून लपवलं. काय हसायचं ते मला हसा, हिला नाही."

मग बायको म्हणाली, "अहो, माझ्या चार गोळ्या कमी आहेत त्या..."

"मीच घेतल्या."

"देवा. मला वाटलं चक्कर होतीच, आता विसरभोळेपणाही आला. परवा मी डॉक्टरांकडे जाऊन स्वतःचं नाव सांगून आले, बरोबर येतंय का बघायला."

औषधवाल्या बाई वळल्या. "चक्करची गोळी घेऊन गाडीत बसलात? मी सांगितलं होतं."

"खुर्चीत लागू पडली होती," मेहुण्याने मागून पुरावा दिला. "मी फिरवत होतो. भावजी सांगतील तसं. डावीकडे म्हणाले की डावीकडे."

"म्हणजे खुर्ची हेच चालवत होते," बाई म्हणाल्या. "तिथे चण्याचा दाणा दिला असता तरी लागू पडला असता. वळण आधी माहीत असलं की कान-डोळ्याचं भांडण होत नाही."

मेहुण्याने खिशातून वही काढली आणि 'उत्तम' वर काट मारली.

तेवढ्यात चौकडीतला सगळ्यात जाड आवाजाचा, ज्याला डेपोत भोंगा म्हणत, तो खाकरला. "मलाही लागते," तो म्हणाला.

"काय लागते?"

"गाडीच. सून चालवते तेव्हा. मी सांगतो, गुडघा दुखतो, येत नाही."

दुसरा म्हणाला, "मला बोट लागते. तळ्यातली." तिसरा म्हणाला, त्याला जत्रेतल्या पाळण्याकडे नुसतं बघितलं तरी होतं. चौथ्याला काहीच लागत नव्हतं. त्याला आपण एकटे पडलो असं वाटून तो म्हणाला, "मला लिफ्टमध्ये कसंतरी होतं." मग सगळ्या गाडीलाच तोंड फुटलं. कुणी लिंबू चघळा म्हणालं, कुणी आलं, कुणी बेंबीवर कागद ठेवा म्हणालं. कंडक्टरने सांगितलं, तो बावीस वर्षं उभा राहतो तो उगाच नाही.

"पिवळी आता घेऊ का?" मास्तरांनी स्वतःच्याच खिशाला हात घालत बाईंना विचारलं.

"आता काय उपयोग. आता घेतलीत तर वर पोचल्यावर झोपाल. इथे माझ्या जागेवर बसा, सगळ्यात पुढे. समोर लांब बघा, आणि पोटाकडे लक्ष देऊ नका."

मास्तर पुढे बसले. लेकीने पहिला गिअर टाकला. गाडी हलली. आणि मग तिने रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, "बाबा, उजवं येतंय. आखूड आहे."

मास्तर उजवीकडे कलले.

"आता डावं. लांबट. मध्ये खड्डा आहे, मी तो चुकवणार आहे."

मास्तर डावीकडे कलले. भोंगाही कलला. सून चालवते तेव्हासाठी त्याला सराव करायचा होता. पंधराव्या वळणापर्यंत सगळी गाडी मुलीच्या आवाजावर टाळकऱ्यांसारखी डोलत होती, खिडकीतली बायकोसुद्धा. आपल्याबरोबर बाकी सगळेही फिरताहेत हे पाहून तिला फार बरं वाटलं.

तिसावं वळण गेलं. गाडी वरच्या थांब्यावर उभी राहिली. इंजिन बंद झालं. मास्तरांचा रंग कच्च्या पेरूसारखा होता, पण ते सरळ बसलेले होते. कुणी उतरेना. लेकीने हँडब्रेक ओढला आणि बापाकडे तोंड केलं.

"सांगा आता," ती म्हणाली.

मास्तरांनी घसा साफ केला. "आठव्याला ब्रेक अर्धा श्वास उशिरा लागला. खरं ते सांगतो." चौकडीने माना पुढे काढल्या. "पण दुसऱ्याच्या गाडीत बसलो की माझा उजवा पाय गप्प बसत नाही. जमिनीवर ब्रेक शोधत असतो. आज दहाव्या वळणापासून तो नुसता पडून होता. मी बघितलं, मुंग्यासुद्धा आल्या नव्हत्या. त्याला कामच उरलं नव्हतं."

"एवढंच?" लेक म्हणाली, पण डोळे पुसत म्हणाली.

"एवढं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."

भोंगा मागून म्हणाला, "पास." आणि चौकडीतला एकही जण डोंगर उतरताना चालत गेला नाही.

मास्तरही नाही. त्यांनी वरच्या गावात घड्याळ बघून, निघायच्या बरोबर तासभर आधी पिवळी गोळी घेतली, बाईंना विचारून. आणि उतरणीवर बायकोच्या खांद्यावर डोकं टाकून जे झोपले ते खाली डेपो येईपर्यंत. लेकीने शेवटची पाच वळणं इतक्या हळू घेतली की मागून दोन सायकली पुढे निघून गेल्या. कुणी तक्रार केली नाही.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. कधी डोंगर चढताना तुमच्या शेजारी कुणी एकाएकी गप्प झाला, कपाळ पुसायला लागला, आणि विचारलं तर "काही नाही, ठीक आहे" म्हणाला, तर त्याला खिडकी द्या, आणि पुढचं वळण कुठल्या अंगाला आहे ते हळूच सांगा. आणि सांगताना आमच्या लोणीमास्तरांची आठवण काढा.